'गिव्ह', 'दाच' आणि आपले 'देणे'



'गिव्ह' म्हणजे देणे, हे मूल चटकन पाठ करते. पण 'गिव्ह अप' आले की अडते. माझ्या वर्गात एका मुलाने अर्थ लिहिला, 'वर देणे'. वर्ग हसला, मीही हसलो. तो मुलगा पुढे तासाला बोलेनासाच झाला. चूक त्याची नव्हती, माझ्या शिकवण्याची होती.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पोलिश निर्वासित राहत. त्यांच्या भाषेत देणे म्हणजे 'दाच'; संस्कृत 'दा' धातूचे हे नातलग. 'गिव्ह बॅक', परत देणे, म्हणजे 'ओद्दाच'. 'गिव्ह आउट', वाटून देणे, म्हणजे 'रोझ्दाच'. 'गिव्ह अप', हार मानणे, म्हणजे 'पोद्दाच श्ये'. इंग्रजी छोटा शब्द क्रियापदानंतर ठेवते. पोलिश तो उपसर्गासारखा आधी जोडते.

आणि आपण? 'नाद सोडून दे' म्हणतोच की! तिथे कोण काय देतो? म्हणून सुटे शब्द नकोत, जोडी शिकवा. वाक्यात घालून शिकवा. आणि मूल चुकले, तर हसू मात्र नका.