धावणारे साहेब आणि चालणारी एम्मा

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणी हसल्या, ते बरं झालं. 'साहेबांच्या जुन्या चित्रांशी आपलं काय देणंघेणं?' असं मघाशी मागून कुणीतरी म्हणालंही. सांगते.

मी मुलींच्या एका वसतिगृहात काम करते. तिथली अभ्यासिका रंगवून झाल्यावर एका देणगीदारांनी चार चित्रं फ्रेम करून दिली. मुलींमध्ये खेळाची आवड वाढावी, हा हेतू. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी व्यंगचित्रांच्या या नव्या छापील प्रती. चारही चित्रांत धावणारे पुरुष. डोकं भोपळ्याएवढं, पाय काडीसारखे, मिशा वाऱ्यावर. आमच्या काही मुली पोलीस भरतीची तयारी करतात, पहाटे पाचला उठून ८०० मीटरचा सराव करतात. त्यांतली एक चित्राकडे बघून म्हणाली, "ताई, हापण भरतीला निघालाय का?" आम्ही पोट धरून हसलो. मग तिनंच विचारलं, "पण यात एकपण बाई कशी नाही?"

या प्रश्नामुळे मी वाचायला बसले.

अशा चित्रांचं मोठं घर म्हणजे लंडनचं 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिक. ते १८६८ साली सुरू झालं आणि १९१४ पर्यंत चाललं. दर आठवड्याला एका नामवंताचं रंगीत शिळाछाप व्यंगचित्र त्यात येई. 'एप' आणि 'स्पाय' अशा टोपणनावांनी चित्रकार सही करत. 'स्पाय' म्हणजे लेस्ली वॉर्ड. १८९४ मध्ये सी. बी. फ्राय या विद्यार्थ्याचं चित्र आलं, खाली ओळ होती 'ऑक्सफर्ड अ‍ॅथलेटिक्स'. लोक ही पानं काढून भिंतीवर लावत. तिथं आपलं चित्र येणं हा मान समजला जाई. म्हणजे हसणं होतं, पण ते घरच्या माणसाला हसावं तसं. ज्याची पत आधीच पक्की आहे, त्याचं नाक लांब काढलं म्हणून काय बिघडतं? दोन हजारांहून जास्त चित्रांत बायका अगदी थोड्या. त्या राजघराण्यातल्या, उमरावांच्या घरच्या, नाहीतर सारा बर्नहार्टसारखी नटी.

बाईवर हसायला दुसरी जागा होती. 'पंच' साप्ताहिकात १८९० च्या दशकात सायकल चालवणाऱ्या, सुटसुटीत विजारी घालणाऱ्या बायकांची टिंगल नेमानं येत असे. त्या हसण्यात मान नव्हता. 'घरी जा' असा निरोप होता.

आणि सगळे पुरुष तरी कुठे त्या भिंतीवर होते? १८६६ साली लंडनमध्ये अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लब निघाला, तो 'सभ्य गृहस्थां'साठी. लवकरच कारागीर आणि मजूर यांना नियमानंच बाहेर ठेवण्यात आलं. कारण उघड आहे, दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस त्यांना हरवेल! हे कलम पुढे १८८० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेनं काढून टाकलं. अमेरिकेतल्या सेनेका जमातीचा लुई बेनेट 'डिअरफूट' या नावानं १८६१ साली इंग्लंडात धावायला आला. भलताच वेगवान माणूस. पण त्याला पिसं आणि कातडी लेवून लोकांसमोर यावं लागे. धावण्याइतकाच तमाशाही विकला जात होता. आपल्याला हे सांगायला पुस्तक लागत नाही.

आता एम्मा शार्प. मला सगळ्यात जास्त हीच सांगायची आहे.

यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळची ही विवाहित, कामगार घरातली बाई. हजार तासांत हजार मैल चालायचं, दर तासाला एक मैल, अशी एक पैज तेव्हा प्रसिद्ध होती. कॅप्टन बार्कले नावाच्या जमीनदारानं ती १८०९ साली जिंकली आणि कायमचं नाव मिळवलं. एम्मानं १७ सप्टेंबर १८६४ ला चालायला सुरुवात केली. हजार तास म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस आणि तेवढ्याच रात्री. युक्ती अशी की एका तासाच्या शेवटी एक मैल आणि पुढच्या तासाच्या सुरुवातीला दुसरा, म्हणजे मध्ये दीडेक तास डोळा लागतो. सहा आठवडे सलग झोप नाहीच. लहान बाळ असलेल्या बायकांनो, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

ती पुरुषी कपडे घालून चालली. बघायला झुंबड उडाली. पण ती हरणार म्हणून पैसे लावलेले लोकही होते. वाटेत पाय घालून पाडणं, अन्नात काहीतरी मिसळण्याचा प्रयत्न, असे प्रकार झाल्याच्या नोंदी आहेत. शेवटी शेवटी ती हातात पिस्तूल घेऊन चालत होती. २९ ऑक्टोबरला तिनं हजारावा मैल पुरा केला.

'बाईच्या शरीराला झेपत नाही' हे म्हणणं मात्र काही मेलं नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर काहीजणी दमून खाली बसल्या, एवढ्याचं वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं आणि ही शर्यत थेट १९६० पर्यंत बंद झाली. ८०० मीटर! आमच्या मुली पहाटे धावतात तेवढंच अंतर.

त्यांच्यातल्या एकीचा धावतानाचा व्हिडिओ दोन पोरांनी काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. भाऊ दुसऱ्या दिवशी तिला न्यायला आला. तीन आठवडे ती घरी होती. पोरांना विचारलं तर म्हणाले, "गंमत केली, ताई." गंमतच होती. साहेबाचीही होती. पण साहेबाला त्यानंतर कुणी धावायचं बंद केलं नव्हतं. तिच्या आईशी चार वेळा, भावाशी दोनदा बोलले, तेव्हा ती परत आली. हे काम कसं केलं, त्यात माझ्या चुका काय झाल्या, ते गटचर्चेत बोलू. भावाशी मी आधी भांडले, तिथंच आठवडा वाया गेला.

चित्रं काढून टाकावीत का, यावर मुलींची बैठक झाली. बहुमत 'राहू देत' असं पडलं, कारण अभ्यास करून डोकं दुखलं की मिशा बघून बरं वाटतं. पण शेजारी एम्मा हवी, असं ठरलं. मग परत आलेल्या त्या मुलीनंच कार्डशीटवर ती काढली. अंगात ट्रॅकपँट आहे, वेणी घट्ट आहे. पिस्तूल जरा फारच मोठं झालंय, पण ते लहान करायला ती तयार नाही.