अब्बांचा काळा-पांढरा फोटो

माझ्या टेबलावर एक साधा, टँकचा इंकजेट प्रिंटर आहे. कविता मासिकाकडे पाठवण्याआधी मी तिची एक प्रत त्यावर काढून पाहतो. अक्षरे काळीभोर उमटतात. त्याच भरवशावर मी अब्बांचा फोटो त्यावर छापला.

आमच्याकडे अब्बांचा एकच जुना फोटो. १९६८ साली स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा. गेल्या पावसाळ्यात तो काचेला चिकटला, कडेने बुरशी धरू लागली, तेव्हा भाच्याने स्कॅन करून दिला. मी चकचकीत फोटो कागद आणला, प्रत काढली आणि अम्मीच्या हाती दिली. खिडकीपाशी नेऊन ती म्हणाली, "हे आजारी दिसताहेत रे." खरेच होते. गालांवर हिरवट झाक आली होती.

कविता काळी छापणारा प्रिंटर अब्बांना हिरवे का छापतो? चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. अशा काही घरगुती प्रिंटरांत काळी शाई साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी असते. चकचकीत कागदावर ती नीट बसत नाही. तिथे निळी, किरमिजी आणि पिवळी मिळून काळ्याचे सोंग आणतात. तिघींपैकी एकीचे प्रमाण जरा चुकले, की चेहरा हिरवट नाहीतर तांबूस. त्यात माझी शाई बाहेरची, स्वस्त बाटलीतली. आणि प्रिंटरचा हिशेब बेतलेला कंपनीच्या शाईवर.

म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी प्रिंटर घेताना किमतीआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, काळ्याच्या घराण्यातल्या शाया किती? २०२० साली आलेल्या एप्सनच्या पी ७०० मध्ये १० शाया आहेत. त्यांत चकचकीत कागदाची काळी, मॅट कागदाची काळी, राखाडी आणि फिकट राखाडी अशा चार. त्यामुळे रंगीत शायांवरचा भार कमी होतो.

दुसरा, शाई डाय की पिगमेंट? डाय म्हणजे विरघळलेला रंग. तो कागदात मुरतो, पण उजेडाने सहसा लवकर विटतो. पिगमेंटचे बारीक कण कागदावर बसतात आणि जास्त टिकतात. काळ्या पिगमेंटमध्ये कार्बन असतो, म्हणजे आपले काजळच. जुन्या पोथ्या काय किंवा कातिबांनी हाताने लिहिलेली कुराणे काय, काजळाच्या शाईची अक्षरे शतके उलटली तरी काळी आहेत.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. आठवड्याला एक तरी प्रत काढणार का? नाहीतर हेडमध्ये शाई वाळते आणि ते साफ करण्यातच महागडी शाई जाते.

या प्रश्नावर मी नापास झालो. वर्षाला माझे फोटो चार-पाच. त्यासाठी असा प्रिंटर घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग राखाडी शायांचा पिगमेंट प्रिंटर असलेल्या एका छायाचित्रकाराकडे फाइल नेली. मॅट कागदावर प्रत काढून घेतली. काचेला चिकटू नये म्हणून मधे पुठ्ठ्याची पट्टी घातली.

अम्मीने ती खिडकीपाशी पाहिली, रात्री बल्बखाली पुन्हा पाहिली. मग एवढेच विचारले, "अशी आणखी एक मिळेल का? तुझ्या फुफ्फूला पाठवू. तिच्याकडे भावाचा एकही फोटो नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)