कोठे अधिक खोल पाहावे?

(संस्थेच्या वर्धा येथील वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा आजचा विषय बुद्धिबळाचा असला, तरी बुद्धिबळ कसे खेळावे हे सांगण्यासाठी मी उभा नाही. बुद्धिबळ खेळणारा संगणक एखाद्या खेळीचा विचार कोठपर्यंत करतो, कोठे थांबतो आणि कोठे आणखी पुढे जातो, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे. प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. परंतु परीक्षेच्या तीन तासांत आणि घरातील मोठ्या निर्णयांतही तोच आपल्यापुढे उभा राहतो.

हा खेळ आपल्या देशात चतुरंग या नावाने जन्मला, इराणात चतरंग झाला आणि अरबांकडे शतरंज म्हणून नावाजला. नवव्या-दहाव्या शतकांत बगदादमध्ये अल्-अदली व अस्-सूली यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. मराठीत आपण 'शह' देतो, त्या शब्दाच्या मुळाशी फारसीतील 'शाह' म्हणजे राजाच आहे. आजही हा खेळ आपल्या विदर्भाला परका नाही. शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने वयाच्या १९ व्या वर्षी, २८ जुलै २०२५ रोजी, जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात कोनेरू हंपी हिच्याविरुद्धचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत १.५–०.५ असा निकाल लागला. जलद डावात घड्याळ सारखे अंगावर येत असते. हाताशी असलेली मिनिटे कोणत्या खेळीवर खर्चावी, हे ठरविता आले पाहिजे. संगणकापुढचा प्रश्न नेमका हाच आहे.

आता थोडा हिशेब करू. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात असे धरले होते की, एका वेळी साधारण ३० खेळ्या शक्य असतात. आपली एक खेळी व प्रतिपक्षाचे एक उत्तर मिळून ९०० शक्यता झाल्या. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळ्यांच्या ८ लाख १० हजार आणि तीन-तीन खेळ्यांच्या ७२ कोटी ९० लाख! एक पायरी पुढे जावयाचे, तर काम तीसपट वाढते. निरुपयोगी फांद्या छाटण्याची एक युक्ती आहे. चांगल्या खेळ्या आधी तपासल्या गेल्या, तर तिच्यामुळे हे ७२ कोटी ९० लाख सुमारे ५४ हजारांवर येतात. तरीही कोठेतरी थांबावेच लागते.

परंतु भलत्या ठिकाणी थांबले तर काय होते? सोंगट्यांची ढोबळ किंमत अशी धरतात: प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. समजा, यंत्राच्या वजिराने प्रतिपक्षाचे एक प्यादे मारले आणि ठरविलेली मर्यादा तेथेच संपली. यंत्र म्हणेल, "एकाचा नफा." पण त्या प्याद्याला घोड्याचे जोर असेल, तर पुढच्याच खेळीत वजीर जाईल. नफा एकाचा आणि तोटा नऊचा!

हा धोका ॲलन ट्युरिंग यांनी फार आधी ओळखला होता. त्यांनी तयार केलेले नियम चालवू शकेल असे यंत्र हाताशी नव्हते, म्हणून १९५२ साली त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन यंत्राचे काम स्वतःच केले आणि ॲलिक ग्लेनी यांच्याशी डाव खेळला. ग्लेनी २९ खेळ्यांत जिंकले. पण ट्युरिंग यांचा नियम टिकला: ठरलेल्या मर्यादेपर्यंत सर्व खेळ्या पाहाव्या, आणि तेथे मारामारी चालू असेल तर ती शांत होईपर्यंत पुढे पाहत राहावे. वादळ चालू असताना हिशेबाची वही मिटू नये, असा त्याचा अर्थ.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. १९७३ साली हान्स बर्लिनर यांनी त्याला क्षितिजाचा दोष म्हटले. समजा, यंत्राचा उंट सापडला आहे आणि तो जाणारच आहे. यंत्र एक प्यादे पुढे करते. प्रतिपक्षाला आधी ते मारावे लागते. त्यामुळे उंटाचे मरण मर्यादेपलीकडे जाते आणि यंत्राला वाटते, उंट वाचला. पुढच्या वेळी ते दुसरे प्यादे देते. अखेर प्यादीही जातात आणि उंटही जातो. संकट टळले नाही. ते केवळ दिसेनासे झाले.

मग अधिक खोल कोठे पाहावे? शह बसला असेल, तर एक पायरी अधिक. कारण शहाला उत्तरे थोडी असतात, म्हणून खर्चही थोडा. प्यादे वजीर होण्याच्या बेतात असेल, तर तेथेही अधिक. आणि अनेक खेळ्यांपैकी एकच खेळी चांगली व बाकीच्या सर्व वाईट असतील, तर त्या एकीची कसून तपासणी करावी. सारा डाव तिच्यावरच टांगलेला असतो. ही शेवटची कल्पना थॉमस अनंतरामन, मरे कॅम्पबेल आणि फेंग-ह्सिउंग ह्सू यांनी डीप थॉट या यंत्रात वापरली. त्या यंत्राने १९८८ साली ग्रँडमास्टर बेंट लार्सन यांना हरविले. त्याचाच वारस असलेल्या डीप ब्लूने १९९७ साली गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५–२.५ असे नमविले. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. तरीही कोठे अधिक पाहावे याचा विवेक त्याला शिकवावाच लागला.

याला दुसरी बाजूही आहे. सगळीकडे खोल पाहू गेल्यास वेळ संपतो. म्हणून आजची यंत्रे यादीच्या तळाशी असलेल्या खेळ्या उथळ तपासतात. एखादी अनपेक्षितपणे चांगली निघाली, तरच तिची पुन्हा पूर्ण तपासणी होते. शिवाय ती पायरीपायरीने जातात. पहिल्या पायऱ्यांवर जी खेळी उत्तम वाटली तीच पुढेही उत्तम राहिली, तर फार वेळ घालवीत नाहीत. पण ती एकाएकी खोटी ठरू लागली, तर घड्याळातील राखीव वेळ तेथे खर्च करतात.

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्नपत्रिका हाती आली की प्रथम ती सर्व वाचा. येणारी उत्तरे लिहा आणि उरलेला वेळ जेथे उत्तर हातात येता येता निसटते आहे, तेथे द्या. पहिल्याच अवघड उदाहरणावर तासभर अडून बसणे याला खोल विचार म्हणत नाहीत. आज मोबाइलवरसुद्धा उत्तम बुद्धिबळ खेळणारे यंत्र मिळते. त्याला खेळी विचारून ती उतरवू नका. स्वतःचा डाव खेळून झाल्यावर, आपला विचार कोठे अपुरा थांबला, हे त्याच्याकडून तपासून घ्या.

पालकहो, आता आपणांशी. दहावीनंतर मुलगा दुकानात अथवा गॅरेजमध्ये लागला आणि महिन्याला चार पैसे आणू लागला, की एक प्यादे मिळाल्याचा आनंद होतो. मुलीला कॉलेजात न पाठविल्याने बसभाडे वाचते. हिशेब तेथेच थांबविला, तर नफाच दिसतो. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट येथून आलेल्या आपणांपैकी अनेकांच्या घरची ओढाताण खरी आहे, आणि तिला मी नावे ठेवणार नाही. पुढे पाहिल्यावर ते प्यादे खरोखरच घेण्याजोगे निघते, असेही होते. आयटीआयमधून हाताला पक्के काम मिळालेला मुलगा काही डाव हरलेला नसतो. माझे मागणे इतकेच की, निर्णय करण्यापूर्वी आणखी दोन खेळ्या पाहा. पाच वर्षांनी त्याच पगारावर तो असेल काय? शिष्यवृत्ती, वसतिगृह यांची चौकशी झाली काय? आणि ज्याच्या डावाचा निर्णय आपण करीत आहोत, त्या मुलाला किंवा मुलीला विचारले काय?

रोजच्या लहान गोष्टींत एवढा काथ्याकूट करण्याचे कारण नाही. कोणती वही घ्यावी, कोणत्या बाकावर बसावे, यावर घर डोक्यावर घेऊ नये. तो वेळ शाळा सोडण्याच्या निर्णयासाठी राखून ठेवावा. कारण बुद्धिबळात केलेली खेळी परत घेता येत नाही, आणि एकदा सुटलेली शाळा परत धरणे फार कठीण जाते.