विडी सोडवणे : सीओपीडीचा पहिला उपचार

सीओपीडीमध्ये श्वासनलिका हळूहळू अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती विरत जातात आणि आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडेनाशी होते. गेलेली क्षमता परत येत नाही. इन्हेलरने धाप कमी होते, आजार वरचेवर बळावणे घटते. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्या रुग्णात फुप्फुसाची झीजच मंदावते, असा सर्वांत भक्कम पुरावा धूम्रपान थांबवण्यामागे आहे. तरीही केसपेपरवर त्याची नोंद बहुधा शेवटच्या ओळीत, औषधांच्या खाली, दोन शब्दांत होते : ‘विडी बंद’. हा सल्ला झाला, उपचार नव्हे. उपचाराला निदान लागते, औषध लागते, मात्रा लागते आणि पुन्हा बोलावण्याची तारीख लागते. विडी सोडवण्याच्या बाबतीत या चारही गोष्टी उपलब्ध आहेत आणि सर्वांत कमी वापरल्या जातात.

पुरावा जुना आहे. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांच्या श्वसनक्षमतेचा आठ वर्षे मागोवा घेतला आणि १९७७ साली निष्कर्ष मांडला : धूम्रपान सोडल्यावर गमावलेले परत मिळत नाही, पण पुढची घसरण कधीही न ओढणाऱ्याच्या गतीवर येते. त्यानंतरचा ‘लंग हेल्थ स्टडी’ अमेरिका आणि कॅनडातील १० केंद्रांवर झाला. त्यात सौम्य ते मध्यम अडथळा असलेले ५,८८७ धूम्रपानी होते. ज्यांना गटसत्रे आणि निकोटिनचे च्युइंगम मिळाले, त्यांपैकी २२ टक्के पाच वर्षे सलग दूर राहिले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. अकरा वर्षांनी मोजले तेव्हा, एका सेकंदात बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेतील वार्षिक घट ओढत राहिलेल्या पुरुषांत ६६ मिलिलिटर, तर सोडलेल्यांत ३० मिलिलिटर होती. साडेचौदा वर्षांनंतर उपचारगटातील मृत्यूही कमी भरले, आणि तेही गटातल्या बहुसंख्यांना विडी-सिगारेट सुटलेली नसताना. एखाद्या नव्या इन्हेलरने असा निकाल दिला असता, तर छातीरोगतज्ज्ञांच्या परिषदांत दुसरा विषय निघाला नसता.

भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. ते सारेच धूम्रपानी नाहीत; चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका त्यात मोठ्या संख्येने आहेत, आणि पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने हे वारंवार समोर आणले आहे. मात्र ओढणाऱ्यांचा विचार करताना पाश्चात्त्य अभ्यासांतली सिगारेट डोळ्यांपुढे ठेवून भागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात विडी ओढणारे प्रौढ ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के आढळले. विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज आत जात नाही; विडी विझू नये म्हणून झुरके लागोपाठ आणि जोरात घ्यावे लागतात, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जाते. महाराष्ट्राचे वळण आणखी वेगळे आहे. त्याच सर्वेक्षणानुसार येथे ओढणारे ३.८ टक्के, पण धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्यामुळे ‘विडी सोडली’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या खिशात चुन्याची डबी असू शकते. फुप्फुसाचा धूर थांबला हे खरे. पण निकोटिनची ओढ तशीच राहिली, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढला, आणि पुन्हा विडीकडे वळण्याची वाट मोकळी राहिली. प्रश्न ‘विडी ओढता का’ असा न विचारता ‘तंबाखू कोणत्या रूपात घेता’ असा विचारायला हवा.

एवढी धाप लागूनही माणूस विडी का सोडत नाही, याचे उत्तर हट्टीपणात शोधणे अन्यायाचे आहे. झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि दोनेक तासांत रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. मग बेचैनी, चिडचिड सुरू होते. सीओपीडी झालेल्या धूम्रपान्यांत हे अवलंबित्व इतर धूम्रपान्यांपेक्षा तीव्र असते, असे मोजमापांत दिसले आहे. सहज सोडू शकणारे आधीच सोडून गेलेले असतात. दवाखान्यात येतात ते ज्यांना सर्वांत अवघड जाते ते. त्यातच नैराश्य आणि चिंता या आजारात फार आढळतात. ‘आता सोडून काय उपयोग’ हे वाक्य त्या नैराश्यातूनच येते.

बाह्यरुग्ण विभागात आणखी दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात : विडीशिवाय पोट साफ होत नाही, आणि विडीशिवाय कफ सुटत नाही. दोन्ही हसण्यावारी नेली जातात. दोन्हींत तथ्य आहे. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते, म्हणून सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो. खोकलाही सुरुवातीच्या आठवड्यांत काही जणांना वाढल्यासारखा वाटतो. रुग्णाला हे आधीच सांगितले, पाणी, भाजी, इसबगोल सुचवले आणि त्रास तात्पुरता असल्याचे पटवले, तर तिसऱ्या दिवशीची माघार टळू शकते. रागावल्याने मात्र एकच गोष्ट हमखास घडते : पुढच्या भेटीत रुग्ण ‘कमी केलीय’ म्हणतो आणि खरा आकडा लपवतो.

निदानासाठी एक प्रश्न फार उपयोगी आहे : सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने? पाच मिनिटांच्या आत असेल, तर अवलंबित्व तीव्र. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकरीतून श्वसनक्षमता मोजणाऱ्या चाचणीचा, निकालही उपचाराचा भाग करता येतो. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर येथे ५६१ धूम्रपान्यांपैकी अर्ध्यांना तो ‘फुप्फुसाचे वय’ म्हणून समजावला, उरलेल्यांना नुसता आकडा दिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभराने पहिल्या गटातील १३.६ टक्के आणि दुसऱ्यातील ६.४ टक्के लोकांनी धूम्रपान सोडलेले होते.

औषधे तीन. निकोटिनचे च्युइंगम वा पॅच, बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन. तिन्ही आता जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गम देताना वापरायची रीत शिकवली नाही तर ती वाया जाते. सावकाश चावायची, चव तिखट झाली की गालात ठेवायची, त्याआधी पंधरा मिनिटे चहा नको. भराभर चावून लाळ गिळली की उचकी लागते, छातीत जळजळते आणि पाकीट बाजूला पडते. कवळी असलेल्या वृद्धांना पॅच बरा. बुप्रोपियॉन फिट येणाऱ्यांना चालत नाही. व्हॅरेनिक्लिनची मात्रा पहिल्या आठवड्यात वाढवत नेतात, सोडण्याचा दिवस आठवड्याभराने ठरवतात आणि गोळी बारा आठवडे देतात. मळमळ टाळण्यासाठी जेवणानंतर, आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास कमी मात्रेत. सौम्य-मध्यम सीओपीडीच्या ५०४ रुग्णांवरील चाचणीत उपचाराच्या अखेरच्या चार आठवड्यांत व्हॅरेनिक्लिन घेणारे ४२ टक्के आणि नकली गोळी घेणारे ९ टक्के दूर राहिले. वर्षअखेरीस मात्र हे प्रमाण १९ आणि ६ वर आले. घसरण होणारच, हे गृहीत धरून भेटी आखाव्या लागतात. या गोळीने मन बिघडते ही भीती ८,००० हून अधिक लोकांवरील २०१६ च्या चाचणीने बरीच दूर केली आहे.

एक धोका आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. थिओफिलिन हे श्वासनलिका सैल करणारे औषध येथे अजून सर्रास दिले जाते. धुरातील रसायने यकृताला ते झपाट्याने निपटायला लावतात. धूर थांबला की तीच मात्रा जास्त होऊन मळमळ, धडधड, क्वचित झटकेही येतात. रुग्ण म्हणतो, विडी सोडल्यापासून तब्येत बिघडली. मात्रा वेळीच चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याने उतरवली तर ती वेळ येत नाही. घरी ऑक्सिजन लावलेल्यांच्या बाबतीत विडी म्हणजे चेहरा भाजण्याचा, घराला आग लागण्याचा धोका, आणि हे घरच्यांसमोर स्पष्ट बोलावे लागते.

पुन्हा ओढू लागण्याचे प्रमाण पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते, म्हणून पहिला फोन महिन्याने नव्हे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हवा. आजार बळावून दाखल झालेला रुग्ण तर सोडण्याच्या सर्वांत जवळ असतो. वॉर्डात सुरू केलेली मदत घरी गेल्यावर किमान महिनाभर चालू ठेवली, तरच तिचा परिणाम टिकतो. जिथे समुपदेशक नाही, तिथे १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय विनामूल्य सेवा आहे.

ज्यांना तरीही जमत नाही, त्यांची इन्हेलर, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशी, श्वसनाचे व्यायाम यांपैकी काहीही अडवून धरू नये. एखादी विडी ओढली गेली तर औषध बंद करण्याचे कारण नाही. बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न लागतात. पुढच्या भेटीत औषध बदलून किंवा पॅचला गमची जोड देऊन सोडण्याचा नवा दिवस ठरवता येतो.