शाळेच्या भिंतीवर कोणाचा कागद?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत शिक्षक व पालक यांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त आपल्या प्राथमिक शाळेच्या खोल्यांस नवा रंग दिला आहे. आतां त्या भिंतींवर काय लावावें, असा प्रश्न शिक्षकांनीं आम्हांस विचारिला. प्रश्न लहान दिसतो, आणि आम्हीं त्याचें उत्तर उभ्या उभ्या देणारहि होतों. परंतु पंधरा वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली व शब्द ओठांवरच राहिला. ती गोष्ट सांगण्यांत आमचाच कमीपणा आहे, तरी सांगतों.

त्या वेळीं आम्हीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत शाळेचे व्यवस्थापक होतों. मोठे पाहुणे येणार म्हणून मुलांच्या कामाचें प्रदर्शन भरविलें. तिसरीच्या वर्गांत बेचाळीस मुलें होतीं. आम्हीं बाईंस सांगितलें कीं, उत्तम असे दहा कागद निवडा आणि बाकीचे कपाटांत ठेवा. बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या, पण त्यांनीं सांगितलें तसें केलें. प्रदर्शन शोभलें. पाहुण्यांनीं वाखाणणी केली, व ती आम्हीं आनंदानें ऐकिली.

दुपारीं एक आजी नातवाचा हात धरून आली. तिला वाचतां येत नव्हतें. ती प्रत्येक कागदापुढें थांबे आणि विचारी, “हा तुझा का रे?” मूल मान हालवी. असें दहा वेळां झालें. मग आम्हांस पाहून ती म्हणाली, “फादर, माझ्या पोराचा कागद कुठें लावलाय?”

आम्हीं कपाट उघडिलें. गठ्ठ्यांत तळाशीं त्याचा कागद सांपडला. त्यांत पहांटेची आगगाडी होती, आणि दादरच्या बाजारास फुलें घेऊन निघालेली आजी होती. आजी गाडीहून मोठी काढिली होती, म्हणून चित्र बाद झालें असावें. टोपलींतलें एकएक फूल मात्र त्यानें निराळें काढिलें होतें. सायंकाळीं आम्हीं तो कागद त्यांच्या घरीं नेऊन दिला. आजीनें घेतला, आम्हांस चहा दिला. मूल आंतून बाहेर आलें नाहीं.

त्या दिवसापासून आम्हांस असें वाटतें कीं, वर्गाची भिंत ही प्रथम मुलाची आहे, पाहुण्यांची मागाहून. दहा कागद लावितांना आम्हीं बत्तीस मुलांस कांहीं सांगत होतों, आणि तें त्यांस पुरतें समजलें होतें.

आपल्या महाराष्ट्रांत ‘बोलक्या भिंती’ हा शब्द शाळांशाळांतून रूढ आहे. पेंटर येतो, पाढे, बाराखडी, फळें आणि पक्षी रंगवून जातो. त्यांचा उपयोग नाहीं असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु त्या भिंती पेंटरच्या आवाजांत बोलतात. शिवाय भिंत जितकी भरलेली तितकें शिक्षण अधिक, ही समजूतहि तपासून पाहावी. अमेरिकेंत कार्नेगी मेलन विद्यापीठांतील ॲना फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ मध्यें बालवर्गांतील २४ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तक्ते व चित्रें यांनीं गच्च भरलेल्या खोलींत मुलांचें लक्ष ३८.६ टक्के वेळ भरकटलेलें आढळलें, तर मोकळ्या भिंतींच्या खोलींत २८.४ टक्के. पाठानंतरच्या परीक्षेंत बरोबर उत्तरें पहिल्या खोलींत ४२ टक्के व दुसरींत ५५ टक्के आलीं. चोवीस मुलांवरून जगाचा निकाल लागत नाहीं हें खरें. पण दुकानांतून आणिलेल्या झालरी आणि तक्ते यांवर खर्च करण्यापूर्वीं थोडें थांबावें, इतकें तरी त्यावरून कळतें.

याउलट इटलींतील रेज्जो एमिलिया या शहराचें उदाहरण आहे. १९४५ सालीं महायुद्ध संपतांच तेथून जवळच्या व्हिल्ला चेल्ला या गांवच्या लोकांनीं जर्मन सैन्यानें मागें टाकिलेला एक रणगाडा, कांहीं ट्रक व घोडे विकिले आणि त्या पैशांनीं बालशाळा बांधूं लागले. पडक्या घरांच्या विटा वापरिल्या. लोरिस मालागुत्सी नांवाचा तरुण शिक्षक सायकलीवरून तें पाहावयास गेला, व पुढें आयुष्यभर त्या कार्यांतच राहिला. त्या शाळांच्या भिंतींवर मुलांचीं चित्रें असतात, आणि चित्राजवळ तें काढितांना मूल काय बोललें तें त्याच्याच शब्दांत लिहिलेलें असतें. पहिला फसलेला प्रयत्नहि लावितात, म्हणजे मुलाचा विचार कसा चालला तें पाहणारास उमगतें. त्या शाळा धर्मसंस्थेच्या नव्हत्या, आणि तेथील कॅथलिक मंडळींचा त्यांशीं एके काळीं वादहि झाला. परंतु चांगली गोष्ट कोणाच्या अंगणांत उगवली हें पाहून ती घ्यावी कीं न घ्यावी, असें ठरवूं नये.

तेव्हां आमची विनंती अशी. प्रत्येक वर्गांत मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे सुमारें साडेतीन फुटांवर, सुतळी बांधावी. पावसाळ्यांत आपल्या भिंतींस ओल येते, गोंद सुटतो, कागद कुजतो. सुतळीस तें भय कमी. तिजवर कपड्यांचे चिमटे लावावे, एकेका मुलाच्या नांवाचा एकेक. त्यांत कोणता कागद लावावयाचा तें मुलानें निवडावें, आणि एखाद्यास लावावयाचा नसेल तर चिमटा रिकामा राहूं द्यावा. कागदावर गुण किंवा क्रमांक नसावा. पंधरा दिवसांनीं कागद बदलावा व जुना घरीं जावा. चिमणीस ‘चीमनी’ लिहिलें असेल तर तें आठ दिवस तसेंच दिसूं द्यावें; मूल स्वतःच एके दिवशीं उठून दुरुस्त करील.

मायबापांस एक गोष्ट निराळी सांगावयाची आहे. शाळेंत येणारे पुष्कळसे ‘प्रकल्प’ रात्रीं जागून तुम्हींच करितां, हें आम्हांस ठाऊक आहे. पुठ्ठ्याचें इतकें सुबक देऊळ सात वर्षांच्या हातून होत नाहीं! तुमची कला घरीं ठेवावी. आणि सुतळीपुढें उभें राहून “शेजारच्याचें बघ, आणि तुझें बघ,” असें कृपा करून म्हणूं नये.

बाई, बिशप आले म्हणजे त्यांस सुंदर कागद प्रथम दाखवावे असा मोह आम्हांसच पुन्हा होईल. त्या वेळीं तुम्हीं आम्हांस अडवावें. मागें त्या बाईंनीं अडविलें असतें तर बरें झालें असतें. पण तेव्हां आम्हीं तसें वागण्यास त्यांस वाव दिला नव्हता.

रविवारीं मिस्सेनंतर तिसरीची खोली उघडी राहील. तेथें अडतीस चिमटे आहेत. आपल्या मुलाचा कागद कोणता, तें त्यालाच विचारावें, आणि तो सांगेल तें तेथें उभें राहून ऐकून घ्यावें.