ऊस आधी कुणाचा तुटतो?

पुढारी किती मोठा, हे आपण त्याच्या गाडीवरून आणि चौकातल्या फ्लेक्सवरून ठरवतो. साखरपट्ट्यात याहून खात्रीची खूण आहे, ती म्हणजे उसाच्या तोडीचा क्रम.

लागणीची नोंद गट ऑफिसात होते आणि त्या तारखेप्रमाणे तोड यावी अशी अपेक्षा असते. पण एकाचा ऊस डिसेंबरात गाळपाला जातो आणि त्याच आठवड्यात लावलेला शेजाऱ्याचा ऊस मार्चच्या उन्हात तुरा मिरवत उभा राहतो. वजन घटतं, रान मोकळं व्हायला उशीर होतो. कुणी कुणाला दम देत नाही. कारखान्याचा चिटबॉय एवढंच म्हणतो, "तोडणीची टोळी नाही हो, बघू पुढच्या आठवड्यात." शेतकरी समजायचं ते समजतो. सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. पण ते मत कुणाला द्यायचं, हे बऱ्याचदा शेताच्या बांधावरच ठरलेलं असतं.

गंमत अशी, की हीच सहकारी चळवळ प्रस्थापितांना शह म्हणून सुरू झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास. शह देणाऱ्यांच्या वारसांकडे पुढे कारखाना, बँक, कॉलेज आणि आमदारकी एकत्र आली.

गरिबांची पाहणी करायला आपल्याकडे सगळे तयार. संचालकांची पाहणी कोण करतो? समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी ती केली. कोपरगावच्या सहकारी कारखान्यातलं राजकारण त्यांनी जवळून अभ्यासलं, आणि १९८० साली त्यावर पुस्तक आलं.

सभासदाला मात्र पुस्तक लिहायची गरज नाही. वार्षिक सभेत अहवाल वाचून होण्याआधीच "मंजूर, मंजूर" असा पुकारा होतो. तेव्हा हात वर करून गटवार तोडीच्या तारखा मागाव्यात. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते कुणाला कधी मिळाले, तेही विचारावं.

आणि उचल घेऊन बीडहून आलेलं ते जोडपं, ज्याला टोळीचा मुकादम नुसतं 'कोयता' म्हणतो? ऊस त्यांनी तोडायचा. या सभेत त्यांना खुर्चीसुद्धा नाही.