चंदेरी दिसतं ते सगळं जस्त नसतं



आमच्या गटाने कर्ज काढून शेळ्यांसाठी शेड बांधली. पाईप छान चकचकीत, चंदेरी. दुकानदार म्हणाला, "ताई, गंजाची काळजीच नको." दुसऱ्या पावसाळ्यानंतर झाडताना एकीचं खुरपं खांबाच्या बुडाला लागलं आणि पापुद्रेच सुटले. कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी होते. साध्या काळ्या पाईपाला चंदेरी रंग फासला होता, आणि आम्ही दहा जणींपैकी एकीनेही पाईपाच्या आत डोकावून पाहिलं नव्हतं.

खरा जी.आय. पाईप किंवा पत्रा कसा होतो ते सांगते. लोखंडावरचं तेल, मळ, गंज काढतात, ते तेजाबात धुतात आणि साधारण ४५० अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवतात. तिथे जस्त लोखंडाशी एकजीव होऊन थर धरतं. भांड्याची कल्हई आपल्याला माहीत आहे, पण ती कथलाची. जस्ताचा गुण वेगळाच. ओरखडा पडून लोखंड थोडं उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. रंगाला हे जमत नाही. एकदा टवका उडाला की गंज रंगाखालून पसरत जातो.

म्हणून पाईप घेताना आतून बघा. बुडवलेल्या पाईपाला आतही जस्त असतं. आत काळा दिसला तर तो नुसता रंगवलेला समजा. पत्रा घेताना जाडीबरोबर जस्त किती तेही विचारा. १२० किंवा २७५ असा आकडा असतो, म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून तेवढे ग्रॅम जस्त. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात जस्त लवकर झिजतं, तिथे जास्तीचं घ्या. हा आकडा बिलावर लिहून घ्यायचाच, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

वेल्डिंग केलं की त्या जागेचं जस्त जळून जातं. तिथे घासून जस्ताचा रंग लावून घ्या. साधा चंदेरी रंग चालत नाही. त्या धुराने थंडीताप भरतो, म्हणून मुलांना जवळ फिरकू देऊ नका. जमेल तिथे नटबोल्टच बरे. ओले पत्रे एकावर एक रचून ठेवलेत तर पांढरी भुकटी धरते, तेव्हा मध्ये लाकडाच्या पट्ट्या घाला.

आणि हो, जस्ताच्या बादलीत ताक, चिंचेचं पाणी, लोणचं ठेवू नका. आंबटाने जस्त विरघळून खाण्यात उतरतं, मग उलट्या होतात.

आमच्या शेडचे चार खांब आता बदललेत. शेळ्यांचं मूत जस्तालाही खातं, म्हणून या वेळी बुडाशी सिमेंटचा वीतभर ओटा घातला आहे. बाकीचे खांब दिवाळीनंतर, बचत जमेल तसे.